पाय न टेकवता

माझा धाकटा भाऊ दोन कामं करतो. लिफ्ट दुरुस्त करतो आणि बोलतो. पहिल्या कामात तो खरंच तरबेज आहे, बहीण म्हणून सांगत नाही. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्ट त्याच्या हाताखालून गेल्यात. दुसऱ्या कामाबद्दल काय सांगू? उचलली जीभ लावली टाळ्याला. आमची आई म्हणायची, ह्याच्या तोंडाला बसेल असं कुलूप बाजारात मिळतं का बघा कुणीतरी.

उंचीची त्याला भीती म्हणून नाही. लिफ्टच्या डोक्यावर उभा, खाली तो काळा खड्डा, एका हाताने तार चाचपतोय नि दुसऱ्या हातात मोबाइल, माझ्याशी गप्पा चालल्यात, असं कैकदा झालंय. मी इकडून ओरडते, "अरे मेल्या, आधी फोन ठेव!" तर म्हणतो, "ताई, पडलो तर सगळ्यात आधी तुलाच कळेल की!" असला हा वीर. पण दवाखान्याचा वास आला की ह्याचा चेहरा पांढराफटक. बाबांच्या शेवटच्या आजारपणात तो कायम खाली, औषधांच्या दुकानासमोरच्या बाकावर. लोकांना वाटायचं, किती धावपळ करतोय बिचारा. बिचारा एकच औषध तासभर आणत असायचा.

माझ्या लेकीवर मात्र त्याचा भारी जीव. तिला आम्ही सगळे भिंगरी म्हणतो, कारण ती चालायला लागली तीच गोल गोल फिरत. ह्या मामा-भाचीचं सगळं सौद्यावर चालायचं. ती दूध संपवणार, तर मामा लंगडी घालत चार जिने उतरणार. ती केस कापून घेणार, तर मामा मिशी कापणार. तीसुद्धा अर्धीच, कारण भिंगरीचे केस खांद्यापर्यंतच कापायचे होते. वहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, आठवडाभर अबोला धरला. हा त्या अर्ध्या मिशीनिशी कामावर जात राहिला. सौदा ठरला की दोघं एकमेकांच्या कानाची पाळी धरायचे आणि म्हणायचे, "मोडेल तो मुळा." मुळाच का, ते मला विचारू नका. एक मात्र खरं, जगाला थापा मारणाऱ्या माझ्या भावाने भिंगरीशी केलेला एकही सौदा तोवर मोडला नव्हता.

भिंगरी दुसरीत असताना तिला रक्ताचा कर्करोग निघाला.

त्यावर मी फार बोलणार नाही. ज्यांच्या घरात हे आलंय त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांच्या घरात आलं नाही, त्यांच्या घरात कधी न येवो. मुलांचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर. भिंतीवर मासे रंगवलेत, त्यातला एक दात काढून हसतो. भिंगरी म्हणायची, ह्याला आधी दातांच्या डॉक्टरकडे न्या. औषधं ती मुकाट घ्यायची. उलट्या व्हायच्या, तरी घ्यायची. केस गेले तेव्हाही म्हणाली, मामाची मिशी आली की परत, तसे हेही येतील. पण घोडं पेंड खायचं ते पाठीच्या सुईपाशी. कण्यात सुई घालून आत औषध सोडतात. जागा बधिर करतात म्हणे, पण दुखायचं ते दुखतंच. मुलाला कुशीवर घेऊन, गुडघे छातीशी दुमडून, गाठोडं करून झोपवतात आणि जराही हलू देत नाहीत. सुईचा ट्रे दिसला की भिंगरी किंचाळायला लागायची. दोन सिस्टर, माझा नवरा आणि मी, चौघं मिळून त्या एवढ्याशा जिवाला दाबून धरायचो. आपल्याच लेकराला असं धरायचं म्हणजे... जाऊ दे.

आणि मामा? मामाचा पत्ता नाही. "ताई, आज एक लिफ्ट अडकलीय, आत म्हातारी आहे." "ताई, जरा सर्दी झालीय, तिला लागायला नको." खेळणी पाठवायचा, वहिनीला पाठवायचा, फोनवर भिंगरीला हसवून हसवून बेजार करायचा. पण दारात पाऊल नाही. कहर म्हणजे त्याच दवाखान्याच्या लिफ्टचं काम त्याच्याच कंपनीकडे! लिफ्टचं इंजिन गच्चीवरच्या खोलीत असतं. हा यायचा, मागच्या जिन्याने थेट वर जायचा, तेलपाणी करायचा आणि तसाच उतरायचा, आमच्या वॉर्डच्या दारावरून. खालचा वॉचमन मला म्हणायचा, "तुमचे भाऊ आत्ताच येऊन गेले ना?" मी म्हणायचे, "हो, हो, भेटले." काय करणार! आपलेच दात आणि आपलेच ओठ.

त्याच दिवसांत त्याने सायकल धरली. शहरात सायकलवाल्यांचा एक गट आहे. वर्षातून एकदा ते लांबची फेरी काढतात, त्यासाठी लोकांकडून मदत गोळा करतात आणि ती कर्करोग झालेल्या मुलांच्या उपचाराला देतात. त्यांची एक पद्धत आहे. प्रत्येकाने आपली फेरी एका मुलाला अर्पण करायची. त्या मुलाचं नाव पुठ्ठ्यावर लिहून छातीला लावायचं आणि निघताना एकेकाने ते मोठ्याने घ्यायचं. धाकट्याने भिंगरीचं नाव घेतलं. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. पण मग झालं काय, की दवाखान्यात भेटायची वेळ आणि ह्याच्या सरावाची वेळ नेमकी एकच. "ताई, मी हे तिच्यासाठीच करतोय ना!" आता ह्यावर काय बोलणार, कपाळ?

फेरीच्या वाटेवर एक खिंड लागते. चढ असा, की मोटारींनाही खोकला येतो. भलेभले तिथे उतरून सायकल ढकलत नेतात. आणि नेमकी फेरीच्याच दिवशी भिंगरीची सुई आली. आदल्या दिवशी ह्याने व्हिडिओ कॉल केला.

"भिंगरे, सौदा करतेस?"

"कसला?"

"मी खिंड चढणार, पाय न टेकवता. एकदासुद्धा टेकवणार नाही. आणि तू सुईच्या वेळी रडायचं नाहीस."

भिंगरी सौद्यात पक्की. तिने आधी नीट चौकशी केली. "ढकलायची नाही ना सायकल?"

"छे!"

"मध्ये थांबून पाणी प्यायचं नाही?"

"थेंब नाही."

"मग मी जरासं ओरडायचं पण नाही?"

"चकार शब्द नाही."

तिने सगळ्या अटी बोटांवर मोजल्या. मग म्हणाली, "बरं." दोघांनी आपापल्या पडद्यावर दुसऱ्याच्या कानाशी बोट नेलं. मोडेल तो मुळा.

मी शेजारीच बसले होते. उद्या तिला दाबून धरावं लागणार नाही, एवढंच माझ्या मनात आलं आणि मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भिंगरी स्वतः कुशीवर वळली. स्वतः गुडघे वर घेतले. सिस्टरकडे टॉवेल मागितला, त्याचं टोक दातात धरलं आणि डोळे त्या हसऱ्या माशावर लावले. सुई आत गेली तेव्हा तिच्या पायाची बोटं आत वळली, एवढंच. आवाज म्हणून नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगं, ही कोण नवीन मुलगी आणलीत?" सिस्टरने टाळ्या वाजवल्या. टॉवेल सोडल्यावर भिंगरीचा पहिला प्रश्न, "मामा चढला असेल ना एव्हाना?" मी म्हटलं, "चढला असणार. दुखलं का गं?" तिने मानेनेच नाही म्हटलं. मी वॉर्डभर सांगत सुटले, ह्या वेळी पोरीला दुखलंच नाही.

आता तिकडे खिंडीत काय झालं, ते मला पुढे कळलं, काही त्याच्याकडून, काही वहिनीकडून. तरी ते इथेच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

साहेबांनी सुरुवातीलाच सायकल अशी दामटली, की बाकीचे मागे. छातीवर पाटी, पाटीवर नाव, रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवणारे लोक. मग काय विचारता! खिंडीच्या पायथ्याशी येईस्तोवर दम निम्मा संपला होता. तिसऱ्या वळणावर पोटरीत गोळा आला. चौथ्या वळणावर पाय टेकला. एकदा टेकला तो टेकलाच. गटाच्या मागून एक टेम्पो येतो, दमलेल्यांना उचलायला. त्यात लाज अशी काही नाही, दरवर्षी कितीतरी जण बसतात, पाणी पितात, हसतात, फोटो काढतात. टेम्पोवाला म्हणाला, "या हो, चढ संपला की उतरा." हा बसला. बसण्याआधी छातीवरची पाटी काढून खिशात घातली.

तिथेच सगळं आलं बघा. बसला ह्याचं मला काही वाटत नाही. पण पाटी काढली!

चढ संपल्यावर, लोक उभे होते त्या वळणाच्या अलीकडेच उतरला, पाटी परत लावली आणि उताराने भन्नाट निघाला. शेवटाला मांडव, माइक, पदकं. गटाचे प्रमुख म्हणजे एक चष्म्याचे दुकानदार, स्वभावाने हळवे. त्यांनी ह्याची पाटी वाचली आणि माइक ह्याच्या हातात दिला. माकडाच्या हाती कोलीत! "भाचीबद्दल दोन शब्द बोला," एवढंच ते म्हणाले होते. हा बोलला की! "तिसऱ्या वळणावर पाय तुटायला आले. वाटलं, संपलं आता. पण माझी भिंगरी डोळ्यांसमोर आली, आणि मी पाय टेकवला नाही." लोकांनी डोळे पुसले. मी नंतर त्याला विचारलं, अरे, कुणी विचारलं होतं तुला खिंडीचं? तर म्हणाला, "ताई, तोंडातून निघून गेलं. मग थांबवताच येईना."

ते भाषण संध्याकाळपर्यंत आमच्या फोनवर आलं. भिंगरीने ते इतक्यांदा पाहिलं, की नवऱ्याने शेवटी आवाज बंद करून दिला. तरी पाहत राहिली, शब्द तिला पाठच होते. पदक वहिनीच्या हातून आलं. मामा स्वतः आला नाही. पाय दुखताहेत म्हणाला, आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. वाईट त्याचंच वाटतं, की उलट मीच त्याला तेल लावून घे म्हणून सांगितलं.

पुढच्या खेपेला भिंगरी वॉर्डात पदक घालून गेली. सिस्टर, डॉक्टरीणबाई, फरशी पुसणाऱ्या मावशी, सगळ्यांना तिने खिंड चढवून आणली. माझीही छाती फुगलेली. इतके दिवस भावाचं नाव निघालं की विषय बदलणारी मी, आता कुणी विचारलं नाही तरी सांगायचे, "तेच ते, खिंडवाले मामा, माझा सख्खा भाऊ." फोनवर मात्र मामा आता लवकर आवरतं घ्यायचा. भिंगरीने खिंडीचं काढलं की त्याला दारावर कुणीतरी आल्याचं ऐकू यायचं. वहिनी म्हणाली, हल्ली जेवताना गप्प असतात. मी म्हटलं, तो गप्प? डॉक्टरला दाखव गं बाई!

आणि मग एके दिवशी दवाखान्याची लिफ्ट अडकली.

धाकटा पान्यांची पिशवी घेऊन मागच्या जिन्याने चढत होता. नेहमीसारखा सटकला असता, पण जिन्यात आमच्या सिस्टरने गाठलं. तिने त्याचं भाषण पाहिलेलं. "अहो, खिंडवाले मामा! असे कसे चोरासारखे जाताय? चला आत!" ती त्याला दंडाला धरून घेऊन आली. वॉर्डातल्या आया उभ्या राहिल्या. कुणीतरी खुर्ची पुढे केली. मीसुद्धा, बघा माझं शहाणपण, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आलास का रे बाबा एकदाचा!"

भिंगरीचं लक्षच नव्हतं. शेजारच्या खाटेवर एक चार वर्षांची चिमुरडी नवीन आली होती, सगळे तिला बबडी म्हणायचे. तिला त्या दिवशी पहिल्यांदा सुई होती. भिंगरी तिच्या खाटेवर चढून, गळ्यात पदक, शिकवणी घेत होती. "टॉवेल असा चावायचा. नाकाने श्वास घ्यायचा. माझ्या मामाचे पाय तुटायला आले होते, तरी त्याने टेकवले का? नाही ना? मग आपण रडायचं नाही. रडलं की सौदा मोडतो." बबडीची हनुवटी थरथरत होती, पण ती मान हलवत होती. तेवढ्यात भिंगरीने वर पाहिलं.

"मामा! हा बघ, हाच माझा मामा! मामा, तिसऱ्या वळणावर काय झालं ते तिला सांग ना."

धाकट्याने तोंड उघडलं. काही आलं नाही. मी त्याला जन्मापासून ओळखते, पण असं कधी पाहिलं नव्हतं. त्याने बबडीकडे पाहिलं, मग भिंगरीकडे, मग त्या पदकाकडे. पान्यांची पिशवी खाली ठेवली, ती खणकन वाजली.

"भिंगरे, मी नाही चढलो."

"म्हणजे?"

"चौथ्या वळणावर पाय टेकला. मग टेम्पोत बसलो. वरपर्यंत टेम्पोतच होतो." आणि मग, जणू हेही सांगितल्याशिवाय सुटका नव्हती, "तुझ्या नावाची पाटी काढून खिशात ठेवली होती."

ज्या सिस्टरने त्याला ओढत आणलं ती सलाइनच्या बाटलीकडे बघायला लागली. माझं मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात, ते काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. नंतर माझ्या नवऱ्याने, लिफ्टवाल्याने लिफ्ट घेतली, असा विनोद केला. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

भिंगरी बारीक डोळे करून मामाकडे बघत होती. हिशेब करतेय असं तोंड. "पण तू माइकवर सांगितलंस."

"खोटं सांगितलं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. तुला पण." मग त्या गाढवाने हसायचा प्रयत्न केला. "मीच मुळा."

भिंगरी हसली नाही. तिने पदक गळ्यातून काढलं, खाटेवर ठेवलं, आणि तिचा चेहरा हळूहळू वाकडा व्हायला लागला. "मग मी का नाही रडले?" ती म्हणाली. "मला रडायचं होतं!" आणि तिने जो भोंगा पसरला! तो त्या दिवसाचा नव्हता, मागचा सगळा साठलेला होता. बबडीही तिच्यासोबत सुरू झाली.

धाकट्याचा हात पिशवीकडे गेला. "ताई, ती लिफ्ट... लोक खोळंबलेत... मी जरा गच्चीवर..."

"खबरदार!" मी म्हटलं. "बाबांच्या वेळी पळालास, ते मी पोटात घातलं. आज पळायचं नाही. उभा राहा तिथे."

तो उभा राहिला. कान लालबुंद, मान खाली, हाताला ग्रीस, इतक्या लोकांसमोर. भिंगरी रडता रडता थांबली, नाक पुसलं आणि त्याला म्हणाली, "मला फार दुखलं होतं, मामा. फार म्हणजे फार. आईने विचारलं तरी मी नाही म्हटलं. सांगितलं असतं तर सौदा मोडला असता ना."

मी वॉर्डभर काय सांगत फिरले होते, ते आठवलं. मला तिच्या खाटेपाशी जायचं होतं आणि पाऊल उचलेना. धाकटा मात्र गेला. गुडघ्यावर बसला, तिला हात लावायची हिंमत होईना म्हणून चादरीची कड धरली, आणि म्हणाला, "मला दवाखान्याची भीती वाटते गं. सायकलसुद्धा मी त्यासाठीच काढली. तुझं नाव लावलं की इथे यावं लागणार नाही, म्हणून." हे मला माहीत होतं, पण ते त्याच्या तोंडून ऐकताना मलाच मान वर करवेना. भिंगरी भिंतीकडे तोंड करून झोपली. त्याने लिफ्ट दुरुस्त केली, परत आला, आणि तिच्या पाठीकडे बघत संध्याकाळपर्यंत बसून राहिला. ती त्याच्याशी बोलली नाही.

नंतरही बरेच दिवस बोलली नाही. तो रोज यायचा, खुर्चीत बसायचा आणि जायचा. गटाच्या प्रमुखांना जाऊन त्याने खरं सांगितलं. ते म्हणाले, अहो, टेम्पोत तर मीही बसलो होतो, त्यात काय एवढं! ते उत्तर त्याला जास्तच लागलं.

पुढच्या सुईच्या दिवशी सिस्टर ट्रे घेऊन आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे तिचे पाय धरायला वाकले. भिंगरी म्हणाली, "तू नको. मामा."

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. तरी उठला, हात धुऊन आला, आणि ती कुशीवर वळली तसे त्याने तिचे गुडघे हातात घेतले. टॉवेल तिने मागितला नाही. सुई दिसताच ह्याने डोळे गच्च मिटले.

"मामा, डोळे उघड," भिंगरी म्हणाली. "तू बघायचंस."

त्याने डोळे उघडले. सुई आत गेली आणि भिंगरी पूर्ण गळा काढून रडली, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी, "दुखतंय, मामा, दुखतंय" म्हणत. "हो गं, हो," तो म्हणत होता, त्याच्या नाकावरून पाणी गळत होतं, पण सुई बाहेर येईपर्यंत त्याने मान वळवली नाही.